जन्माची नोंद कुणाच्या दप्तरी?

1875च्या सुमाराची गोष्ट. कोकणातल्या मुरूडची काही मुले परीक्षा द्यायला साताऱ्याला निघाली, तीही पायी, घाट चढून. परीक्षेला बसायचे तर सतरा वर्षे पुरी झालेली हवीत, अशी अट होती. त्यांच्यातल्या धोंडो केशव कर्वे या मुलाला सतरावे पुरे झाले होते, पण तो दिसायला लहान होता. परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा काही सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून त्याला बसू दिले नाही. सगळी पायपीट फुकट गेली. कर्व्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. वयाचा पुरावा म्हणजे समोरच्या साहेबाची नजर, असा तो काळ होता.

याच कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम 1900 साली हिंगण्याला नेला. त्या हिंगणे बुद्रुकचे आज कर्वेनगर झाले आहे: मुलींची शाळा-कॉलेजे, वसतिगृहे आणि सोसायट्या यांनी गजबजलेले उपनगर. इथे आता वय चेहऱ्यावरून ठरत नाही. नातवाचा शाळाप्रवेश असो, सुनेचा पासपोर्ट असो की अमेरिकेतल्या लेकाचे ग्रीन कार्ड, पलीकडून एकच प्रश्न येतो, ‘बर्थ सर्टिफिकेट आहे ना?’ मग माळ्यावरची ट्रंक खाली येते, एलआयसीच्या फायली उपसल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत घरात एकमेकांवर खापर फोडून होते.

एक गोष्ट आधीच लक्षात घेतली तर यातली निम्मी धावपळ वाचते. जन्मदाखला हा मूळ कागद नसतोच. सरकारी नोंदवहीतल्या एका नोंदीचा तो उतारा असतो. उतारा हरवला, भिजला, वाळवीने खाल्ला, तरी दुसरा मिळतो आणि शुल्क भरून हव्या तेवढ्या प्रती घेता येतात. त्यामुळे दाखला सापडेना झाला की ट्रंक उपसण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. नोंद कुठे आहे? ती कोणत्या नावाने आहे? आणि मुळात ती झाली होती का?

पहिल्याच प्रश्नाला अनेकांचा पाय घसरतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे. आईवडील कुठे राहतात याला तिथे महत्त्व नाही. मराठी घरांत पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत, त्यामुळे घोळ होतो तो इथेच. माणूस कर्वेनगरात वाढला, शाळा इथली, मतदारयादीत नाव इथले. पण आई बाळंतपणाला कराडला गेली होती, म्हणून नोंद कराड नगरपालिकेत. एखाद्याची चिपळूणजवळच्या ग्रामपंचायतीत. तेव्हा कार्यालयात जाण्याआधी आजोळी फोन करून जन्म नेमका कोणत्या गावात, घरी की दवाखान्यात, हे विचारून घेतलेले बरे.

‘जन्म पुण्यातलाच’ असे ठामपणे सांगणाऱ्यांचीही सुटका होत नाही. पुणे महानगरपालिका 1950 साली झाली, पिंपरी-चिंचवडची 1982 साली. लष्करी वस्तीत पुणे, खडकी आणि देहूरोड अशी वेगवेगळी कॅन्टोन्मेंट बोर्डे, त्यांची दप्तरे वेगळी. कॅम्पातल्या हद्दीत जन्मलेल्याची नोंद महापालिकेत शोधत बसले तर ती सापडणार कशी? शिवाय शहराची हद्द सारखी सरकत राहिली. कर्वेनगरला खेटून असलेले वारजे 1997 मध्ये महापालिकेत आले, पुढचे शिवणे-उत्तमनगर 2017 मध्ये, आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे. अशा गावात हद्दवाढीआधी जन्मलेल्याची नोंद ग्रामसेवकाच्या वहीत झालेली असते. म्हणून अशा वेळी आधी विचारायचे ते हे, की जुन्या ग्रामपंचायतीच्या वह्या आता कोणत्या क्षेत्रीय कार्यालयाच्या ताब्यात आहेत.

पहिल्याच प्रश्नाचा दुसरा धागा काळाचा. 1886 पासून नोंदणीचा कायदा होता, पण ती नोंद ऐच्छिक होती. गावोगावी मात्र महसुली यंत्रणेची आपली वेगळी पद्धत होती. गावातल्या जन्म-मृत्यूची माहिती एका ठरावीक नमुन्यात लिहिली जाई. तोच गाव नमुना नंबर 14. विदर्भात त्याला कोतवाल बुक म्हणतात. अनेक ठिकाणी ही पाने मोडी लिपीत आहेत, आणि त्यांत बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. बाळाचे नाव बहुधा नसतेच, कारण बारसे व्हायचे बाराव्या दिवशी आणि नोंद व्हायची त्याच्या आधी. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती काम करू लागली, तेव्हा हीच धूळ खात पडलेली बाडे तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

1969 चा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. तेव्हापासून नोंदणी सक्तीची आहे. ही तारीख परदेशी वकिलातींनाही पाठ आहे. 1970 पूर्वी जन्मलेल्या भारतीयाकडे दाखला नसणे त्या समजून घेतात. त्यानंतर जन्मलेल्याकडे नसला तर कारण विचारतात.

मग ज्यांची नोंदच झाली नाही, त्या पिढीचे वय ठरले कसे? शाळेत. जूनमध्ये शाळा उघडली की मास्तर पोराला समोर उभे करत, अंदाजाने वर्ष ठरवत आणि पुढे ‘1 जून’ लिहून मोकळे होत. महाराष्ट्रात 1 जूनला वाढदिवस असलेल्यांची संख्या एवढी मोठी का, याचे हे सरळ कारण. त्याचा परिणाम सरकारी कचेऱ्यांत दर वर्षी दिसतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे 31 मे रोजी राज्यभर हारतुऱ्यांचा आणि निरोप समारंभांचा पूर येतो. खरा जन्म दिवाळीतला आहे हे आईने कितीही सांगितले तरी उपयोग नसतो. सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलून घ्यायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

आता दाखला लागतो कधी? खरे तर प्रत्येक वेळी लागत नाही, आणि तो नसताना अडून बसण्याचेही कारण नाही. 1 ऑक्टोबर 2023 ही यातली सीमारेषा आहे. त्या दिवशी कायद्यातली दुरुस्ती अमलात आली. तेव्हापासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा-कॉलेजातला प्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट आणि आधार या सगळ्या ठिकाणी जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करणारा कागद म्हणजे जन्मदाखला. पासपोर्टचे नियमही 2025 मध्ये याला जुळवून घेण्यात आले.

त्याआधी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी पर्याय आहेत: शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पॅन कार्ड, सेवापुस्तकाचा उतारा, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, विमा पॉलिसीचा बाँड. एके काळी 26 जानेवारी 1989 नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखलाच आणावा लागे. ती सक्ती डिसेंबर 2016 मध्ये उठली. तरीही अनेक घरांत ‘एकोणनव्वदनंतरचा असेल तर दाखलाच लागतो’ हे वाक्य अजून ऐकू येते.

शाळेच्या बाबतीत कायदा पालकांच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याच्या किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतील नोंद, अंगणवाडीतली नोंद किंवा पालकांचे लेखी निवेदन यांवर काम भागवता येते. उलट ज्याच्यावर लोकांचा सर्वांत जास्त भरवसा, ते आधार कार्ड इथे कच्चे ठरते. ते ओळख सांगते. जन्मतारीख सिद्ध करत नाही. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी 2024 मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकले.

दाखला हरवलाच असेल तर काम असे चालते. जन्मतारीख, दवाखान्याचे नाव किंवा घरचा पत्ता, आईचे आणि वडिलांचे तेव्हाचे पूर्ण नाव, ही माहिती हाताशी ठेवायची. जुन्या दाखल्याची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो असला तर सोन्याहून पिवळे, कारण त्यावर नोंदणी क्रमांक असतो आणि नोंद तत्काळ सापडते. पुणे महापालिका हद्दीतला जन्म असेल तर नागरी सुविधा केंद्रात किंवा क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करता येतो. कर्वेनगरकरांसाठी ते वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालय. ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हाच निबंधक. क्रमांक माहीत नसेल तर वर्ष सांगून शोध घेण्याचे किरकोळ शुल्क भरावे लागते. स्वतः जाणे जमत नसेल तर अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत देऊन भावाला किंवा मामाला पाठवता येते. ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली येते. म्हणजे तिला मुदत ठरलेली आहे, आणि मुदतीत दाखला मिळाला नाही तर वरिष्ठांकडे अपील करता येते. अर्जाची पोच मागून घ्यायची ती त्यासाठीच.

अलीकडच्या नोंदी केंद्र सरकारच्या सीआरएस या संगणकप्रणालीत होतात आणि त्या दाखल्यांवर क्यूआर कोड असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये तिचे मोबाइल ॲपही आले. जुनी प्रत्येक नोंद मात्र संगणकात आलेली नाही. ‘ऑनलाइन दिसत नाही’ याचा अर्थ ‘नोंद नाही’ असा होत नाही. वही उघडून पाहा, असा आग्रह धरावा लागतो. आणि एक सावधगिरी: सरकारी संकेतस्थळासारखी हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे पैसे घेऊन खोटे दाखले देतात. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाइल कोणत्या पत्त्यावर जातो ते पाहिले की खरे-खोटे कळते.

नोंद सापडली की दुसरा प्रश्न येतो, नावाचा. दाखला हातात घेऊन नीट वाचला तर त्यात नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, आई-वडिलांची नावे, जन्माच्या वेळचा आणि कायमचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचा दिनांक दिसतो. त्यातला नावाचा रकाना कोरा असणे अगदी सर्रास आहे. दवाखाना जन्माची खबर 21 दिवसांच्या आत पाठवतो. बाळाचे नाव ‘आत्या सुचवेल ते’ म्हणून घरात चर्चेतच असते. पहिल्या बारा महिन्यांत नाव विनाशुल्क लावता येते आणि पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पंधरा वर्षे उलटून गेलेल्यांसाठी शासनाने वेळोवेळी मुदत वाढवून दिली आहे, त्यामुळे चालू मुदत काय आहे ते कार्यालयात विचारूनच घ्यावे.

आईच्या नावाचा घोळ त्याहून अवघड. बाळंतपण माहेरी, दवाखाना माहेरच्या ओळखीचा, मग केसपेपरवर नाव पडते ते माहेरचे किंवा घरातल्या लाडाचे. पंचवीस वर्षांनी मुलाच्या दाखल्यावरचे आईचे नाव तिच्या पासपोर्टवरच्या नावाशी जुळत नाही. अशी चूक दुरुस्त करण्याची सोय कायद्याच्या कलम 15 मध्ये आहे आणि तिची रीत पाहण्यासारखी आहे. निबंधकाला मूळ नोंदीवर खाडाखोड करता येत नाही. मूळ अक्षरे तशीच राहतात. दुरुस्ती बाजूच्या समासात लिहायची, तिच्यावर सही करायची आणि तारीख टाकायची. लेखनातली साधी चूक असेल तर काम लवकर होते. मजकुरातली चूक असेल तर ती घटना माहीत असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींची निवेदने लागतात. राजपत्रात नाव बदलून घेतले म्हणजे जन्माची नोंद आपोआप बदलली, असे मात्र होत नाही.

वडिलांच्या नावावरून मुलाचा दाखला अडता कामा नये, हेही न्यायालयाने स्पष्ट केले आहे. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अविवाहित मातेने अर्ज केल्यास तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक: शोध घेतला आणि नोंदच नाही, तर? अशा वेळी रिकाम्या हाताने परत येऊ नये. नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. ते नमुना क्रमांक 10 मध्ये मिळते. पुढच्या सगळ्या मार्गांची सुरुवात त्या कागदापासून होते. जन्माला तीस दिवस होऊन गेले पण वर्ष झाले नसेल, तर ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात जावे लागे. 2023 च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला, म्हणजे व्यवहारात तहसील कचेरीच्या पायरीपर्यंत.

वाट सोपी झाली तशी गर्दीही झाली. मालेगावसह काही ठिकाणी खोट्या कागदपत्रांवर उशिराचे दाखले दिल्याच्या तक्रारी झाल्या. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने असे दाखले देणे थांबवले आणि विशेष तपास पथक नेमले. मार्चमध्ये नवी, कडक कार्यपद्धती आली. आता पुरावे काटेकोर तपासले जातात आणि पोलिसांचा अहवालही मागवला जातो. याचा त्रास होतो तो घरीच जन्मलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यांना, ज्यांच्यापाशी दाखवायला कागद असा नसतोच. अशा व्यक्तीचे काम दुसऱ्या एखाद्या पुराव्यावर होणार असेल, तर या वयात उशिराच्या नोंदणीसाठी खेटे घालायला लावू नयेत.

कर्वेनगरातल्या निवृत्तांच्या कट्ट्यावर हा विषय निघतो तो बहुतेकदा परदेशातल्या मुलांमुळे. अमेरिकेत ग्रीन कार्डचा अर्ज करताना जन्मदाखला लागतो, त्यावर स्वतःचे नाव लागते, आणि आई-वडील दोघांची नावे लागतात. तिथले अधिकारी जन्मतारखेइतकेच लक्ष नोंदणीच्या दिनांकाकडे देतात. नोंद जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली दिसली की दुय्यम पुरावे मागतात: शाळेचा दाखला, आई-वडिलांची किंवा जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे, अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र. त्यामुळे जुनी नोंद, नाव नसलेली का असेना, हाती असेल तर तिच्यातच नाव लावून घेणे चांगले. नव्याने उशिराची नोंद करून घेतली तर उलट संशय वाढतो. इतर अनेक देशांसाठी दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणीकरण, लागते; भारत 2005 मध्ये त्यासाठीच्या हेग करारात सामील झाला.

उलट्या दिशेचीही एक अट आहे. भारतीय आई-वडिलांचे मूल परदेशात जन्मले आणि त्याला भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते. तशी नोंद न करता कुटुंब कायमचे भारतात परतले, तर मुलाचा जन्म इथे नोंदवण्यासाठी इथे आल्यापासून साठ दिवस मिळतात.

या सगळ्या खटाटोपाचे मूळ दवाखान्यातल्या एका फॉर्मपर्यंत जाऊन पोहोचते. नमुना क्रमांक 1 म्हणजे जन्माचा अहवाल. त्याचे दोन भाग असतात. कायदेशीर माहितीचा भाग निबंधकाकडे राहतो आणि त्यावरून दाखला तयार होतो. आईचे शिक्षण, लग्नाच्या वेळचे वय, बाळाचे वजन असा सांख्यिकी भाग वेगळा काढून आकडेवारीसाठी पुढे जातो. फॉर्म भरला जातो तो डिस्चार्जच्या गडबडीत. बाबा बिल भरायला गेलेले, आजी बाळ घेऊन बसलेली, आणि काउंटरवरची परिचारिका आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग विचारते ते लिफ्टजवळ उभ्या असलेल्या मामाला. मामा सांगेल ते आयुष्यभराचे स्पेलिंग होऊन बसते.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत आणखी एक बदल आहे. राज्य शासनाच्या निर्णयानुसार त्यांची नावे शासकीय कागदपत्रांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायची आहेत. म्हणजे आईचे नाव आता बाळाच्याच नावाचा भाग होते, आणि ते चुकले तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे चुकीचेच लागत जाते. तेव्हा फॉर्मवर सही करण्याआधी आईने स्वतः तो वाचावा, आपले नाव आधार आणि पासपोर्टवर आहे तसेच मराठीत आणि इंग्रजीत पडले आहे का ते पाहावे, आणि घरी निघताना त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घ्यावा. पहिला दाखला खबर देणाऱ्याला मोफत मिळतो. तो कधी आणि कोणत्या कार्यालयातून घ्यायचा, हेही त्याच काउंटरवर विचारून घ्यावे.